उद्या परत येणारं गिऱ्हाईक

कोल्हापुरात पत्ता विचारा; माणूस हातातलं काम टाकून तिकटीपर्यंत सोडायला येईल. मटण कुठं चांगलं मिळतं, हे मात्र चारचौघांत विचारू नका. चौघं उभे असतील तर चार नावं येतात, मग त्या चौघांचीच जुंपते आणि विचारणारा पाहुणा बाजूला राहतो. कुणी लक्ष्मीपुरीतल्या पद्माचं नाव घेतो, कुणी ओपलचं, कुणी देहातीचं, कुणी परखचं. शेवटी पाचवा येतो आणि निकाल देतो, "मर्दा, हॉटेलात कशाला पाठवतोस त्यांना? घरी घेऊन जा की." हा पाचवा बहुतेक वेळा बरोबर असतो. त्याच्याकडं पुढं येतोच.

माझी उभी हयात बिंदू चौक ते रंकाळा या टापूत गेली. रिक्षांच्या पाठीवर 'जगात भारी कोल्हापुरी' लिहिलेलं रोज वाचतो आणि त्यात अभिमानही वाटतो. पण अभिमानानं रस्सा चांगला होत नाही. इतकी वर्षं इथं खाऊन, खरेदी करून आणि महापालिकेचा घरफाळा भरून माझं एक मत पक्कं झालं आहे. या गावातली जी चव टिकली, जो माल टिकला, तो उद्या परत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या धाकानं टिकला. ज्याला माहीत असतं की हा माणूस परवा पुन्हा दारात उभा राहणार आहे, तो मिसळीच्या कटात पाणी घालत नाही. जिथं हे गिऱ्हाईक सुटलं, तिथं कोल्हापुरी नाव मोठं झालं आणि कोल्हापुरी माल पातळ झाला.

मिसळ कुणासाठी?

मिसळीपासून सुरुवात करू. फडतरे मिसळ उद्यमनगरात का, असा प्रश्न पर्यटकाला पडत नाही. नकाशा नेईल तिथं तो जातो. पण उत्तर शहराच्या पोटात आहे. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि सुट्या भागांची वस्ती. म्हादबा मिस्त्रींसारख्या कारागिरांनी ऑईल इंजिन घडवलेलं हे गाव. सकाळी पाळीवर जाणाऱ्या माणसाला स्वस्तात, झटपट आणि दुपारपर्यंत टिकणारं काहीतरी लागतं. मोड आलेली मटकी, वर शेव-चिवडा, कांदा, कट आणि सोबत ब्रेडच्या स्लाईस. पुण्याचा पोहे घातलेला प्रकार इथं चालत नाही आणि पावाचा आग्रहही कुणी धरत नाही.

मिसळ चांगली की वाईट हे कटावरून ठरतं आणि कट तिखटावरून ठरत नाही. हे बाहेरच्यांना पटवणं अवघड जातं. देशभरातल्या हॉटेलांनी 'व्हेज कोल्हापुरी' नावाची दोन मिरच्या खोचलेली लाल भाजी आमच्या नावावर खपवली आहे, ती आमच्या कुठल्याही घरात शिजत नाही. आमचं तिखट म्हणजे घरची चटणी. उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्यांचा मेळ घालून, भाजलेला मसाला, कांदा, लसूण, खोबरं घालून ती डंकावर कुटून आणायची आणि बरणीत भरून वर्षभर पुरवायची. ब्याडगीनं रंग येतो, लवंगीनं झणका. ज्या मिसळीत रंग आहे, झणका आहे आणि तरीही मटकीची चव लागते, ती चांगली. जिथं पहिल्याच घासाला फक्त घाम फुटतो, ती पाहुण्यांसाठी केलेली.

माहितगार काय करतो, तर दुसऱ्यांदा कट मागतो. 'कट वाढा' म्हटल्यावर वाढप्याचा चेहरा बघावा. जिथं तो न कुरकुरता वाढतो, ते दुकान अजून गल्लीचं आहे. महाद्वार रोडवर चोरगे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, उद्यमनगरात फडतरे: या नावांपुढं आता सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. त्यात वाईट काही नाही. पण स्थानिक माणूस हळूच आपल्या घराजवळच्या, पाटीही धड नसलेल्या टपरीकडं वळला आहे. तिचं नाव मी छापणार नाही. शेजारी माझ्याशी बोलायचे बंद होतील.

गंगावेशीतलं दूध

बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना आधी मटणाला नेत नाही, गंगावेशीत नेतो. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. गवळी बादलीतल्या पाण्यानं आचळं धुतो, उकिडवा बसतो, भांडं गुडघ्यांत धरतो आणि धार काढायला लागतो. सुरुवातीला भांड्याच्या तळावर धारेचा कडक आवाज येतो, दूध भरत जाईल तसा तो मऊ होतो. भांडं भरलं की फेसासकट दूध थेट पेल्यात. ना तापवणं, ना साखर. नवख्याला आधी कसंतरी होतं, कारण दूध कोमट असतं आणि पेल्यावरचा फेस मिशीला लागतो.

हा कट्टा इथंच का, तर गंगावेश तालीम जवळ आहे. पैलवानाला निर्भेळ दूध लागतं आणि तो रोज येतो. भेसळ त्याच्या जिभेला आधी कळते आणि मग ती हातानं समजावून सांगायची त्याची तयारी असते. १९५९ मध्ये देशाला पहिला हिंदकेसरी मिळाला तो श्रीपती खंचनाळे यांच्या रूपानं, आणि ते या गावच्या लाल मातीत घडले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारलं, तिथं खुराकाचा हिशेब हा गावाच्या प्रतिष्ठेचा विषय झाला. दूधकट्टा ही त्या हिशेबाची शिल्लक आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत माल तयार होतो आणि मोजला जातो, अशी दुकानदारी आता दुर्मीळ झाली.

दिवाळीत या म्हशींचा मानही मोठा असतो. पाडव्याच्या सुमारास गवळी त्यांना न्हाऊ-माखू घालतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरमाळा बांधतात आणि मिरवणूक निघते. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या आवाजामागं पळत असते. या दिवसांत कोल्हापुरात असाल तर अंबाबाईच्या दर्शनानंतर एवढं बघाच.

खानावळ आणि तारीख

खानावळ हे या शहराचं खरं विद्यापीठ. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि त्यामागोमाग शाहू महाराजांच्या आश्रयानं जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा समाजांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातली पोरं शिकायला शहरात आली. १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाचा व्यापार वाढला, तिथं शेतकरी पट्टी घ्यायला येऊ लागला. कोर्टात तारखेला येणारा पक्षकार, पेन्शनीला येणारा म्हातारा, सीपीआर रुग्णालयात दाखल असलेल्या पेशंटचे नातेवाईक: या सगळ्यांना दुपारी भाकरी लागायची. पोटभर, परवडेल अशी आणि घरच्यासारखी.

कोर्टाची तारीख असलेलं गिऱ्हाईक कुठल्याही खानावळवाल्याला आवडतं, कारण खटला काही एका तारखेत संपत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांतले वकील चार दशकांहून अधिक काळ भांडत होते. न्याय दारात आला, हे मोठंच झालं. पण मला एक छोटा आनंद वेगळा आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सोलापूरचे पक्षकार आता इथं पुन्हा पुन्हा येतील, आणि भाऊसिंगजी रोडच्या आसपासच्या खानावळींना पुन्हा तेच जुनं, तक्रार करणारं गिऱ्हाईक मिळेल.

याच भाऊसिंगजी रोडवर या शहरातलं सगळ्यात महत्त्वाचं हॉटेल होतं. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः यायचे. हॉटेलसमोर गाडी थांबवायची, चहा मागवायचा, आपण प्यायचा आणि बरोबरच्या वरच्या जातीच्या मंडळींनाही पाजायचा. एकदाच येऊन गेले असते तर तो दरबारी कार्यक्रम झाला असता. ते पुन्हा पुन्हा येत राहिले, म्हणून ते हॉटेल चाललं. कोल्हापूरच्या खाण्यावर कितीतरी लिहिलं जातं, त्यात तांबड्या रश्श्याला चार पानं आणि या चहाला चार ओळी मिळतात. मला हे प्रमाण उलटं हवं आहे.

पाहुण्याचं ताट

आता मटणाच्या थाळीकडं. सुकं मटण, तांबडा, पांढरा, दही-कांदा, भाकरी किंवा चपाती आणि शेवटी भात. एवढंच ताट होतं. मटण आधी शिजवायचं, त्याचं अळणी पाणी काढायचं. त्या पाण्याला नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि खडा मसाला लावला की पांढरा. चटणी, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं की तांबडा. म्हणजे दोन्ही रश्श्यांचा जीव एकाच पातेल्यातल्या पाण्यात. पाणी पातळ असेल तर पुढचा सगळा मसाला हा रंगकाम ठरतो. म्हणून जाणकार आधी पांढरा वाटीभर नुसता पितो. त्यात मटणाचा उतारा आहे की नुसतं नारळाचं दूध, हे तिथंच कळतं. तांबड्यात बरंच काही लपतं, पांढऱ्यात काही लपत नाही.

गेल्या काही वर्षांत ताट वाढत गेलं. खिमा, अंडं, मटण लोणचं, बिर्याणीची मूद, एकावर एक वाट्या. बैलगाडीच्या चाकाएवढी थाळी मांडून तिचे फोटो काढले जातात. यात मालकाला दोष देता येत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस दुपारी एकदा जेवणार, संध्याकाळी जोतिबा किंवा पन्हाळा करून परतीला लागणार. तो चव लक्षात ठेवण्याआधी फोटो पाठवतो. त्याला एका बैठकीत सगळं कोल्हापूर खायचं असतं आणि हॉटेलवाला ते ताटात मांडून देतो. मग दर वाढतो, रश्श्याची वाटी मोजून येते, आणि 'रस्सा पाहिजे तेवढा' हे वाक्य पाटीवरून नाहीसं होतं. रस्सा मोजायला लागलेल्या हॉटेलात कोल्हापूरचा माणूस दुसऱ्यांदा जात नाही. त्याला पैशाचं वाटत नाही, अपमानाचं वाटतं.

जुन्या ठिकाणांनी तोल सांभाळला आहे. पद्मासारख्या नावांकडं लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात ते सवयीनं, आणि सवय ही सगळ्यात कडक परीक्षा. भरभराटीला आलेल्या बाकीच्या डझनावारी पाट्यांविषयी माझं मत एका ओळीत सांगतो: ज्या हॉटेलसमोर फक्त बाहेरच्या जिल्ह्यांच्या नंबरच्या गाड्या आहेत, तिथं भूक असेल तर थांबा, चव हवी असेल तर पुढं चला.

पाचव्या माणसाचं मटण

आता तो पाचवा. "घरी घेऊन जा" म्हणणारा. कोल्हापूरचं सगळ्यात चांगलं मटण हॉटेलात मिळत नाही, हे तो जाणून असतो. ते आषाढात गल्लीच्या जेवणात मिळतं. पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरून 'पी ढबाक' वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या पायरीवर घालायचं, नैवेद्य दाखवायचा आणि मग गल्लीत पंगत. एरवी वर्षभर एकमेकांशी पार्किंगवरून भांडणारी घरं त्या दिवशी एका पातेल्यातलं जेवतात.

आणि दुसरं मिळतं ते रस्सा मंडळात. हे मंडळ धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं नसतं. आठ-दहा मित्र, कुणाचं तरी शेत, एक मोठं पातेलं, चूल आणि एक हक्काचा आचारी मित्र, जो एरवी बँकेत कारकून किंवा शाळेत मास्तर असतो. भाजी चिरायला सगळे, भांडी घासायला कुणी नाही. मीठ कमी पडलं तर वर्षभर त्याचं नाव निघतं. इथं गिऱ्हाईक आणि आचारी एकाच मंडळाचे सभासद असल्यामुळं फसवाफसवीला जागाच नसते. हॉटेलवाल्यांनी आपल्या आचाऱ्याला एकदा अशा मंडळात शिकाऊ म्हणून पाठवावं.

ज्या गावाला मटण इतकं जवळचं, तिथं त्याच्या दरावरून आंदोलन होणारच. २०१९ च्या अखेरीस मटण महागलं तेव्हा इथं कृती समिती झाली, बैठका झाल्या, काही भागांत विक्री बंद पडली आणि प्रशासनाला मध्यस्थीला बसावं लागलं. बाहेरची वर्तमानपत्रं हसली. मी हसलो नाही. दर कसा ठरतो हे विचारायला रस्त्यावर येणारा समाज मला शहाणा वाटतो.

चप्पल लाईन आणि मिलान

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये गेलात तर दुकानदार आधी तुमच्या पायाकडं बघतो, मग तोंडाकडं. पायात आधीच कोल्हापुरी असेल तर बोलणं बदलतं. जाणतं गिऱ्हाईक चप्पल पायात घालत नाही. आधी हातात घेतं, तळ वाकवून बघतं, नाकाशी धरतं, कडेची शिवण नखानं चाचपतं. खऱ्या पायताणाची शिवण चामड्याच्याच वादीची असते. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, त्याला एक उग्र, मातकट वास असतो. रासायनिक वास आला की चप्पल खाली ठेवायची. कापशी असो की आणखी कुठला प्रकार, पहिले काही दिवस ती चावते. तेल पाजायचं, पावसात घालायची नाही आणि पायाचा आकार घेईपर्यंत धीर धरायचा. नंतर ती वर्षानुवर्षं साथ देते.

पर्यटकाला हा धीर नसतो. त्याला मऊ, हलकी, स्वस्त आणि बॅगेत मावणारी हवी. मग रेक्झिनची, चिकटवलेली, यंत्रावरची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून येते. ती दोन महिन्यांत सुटते, तेव्हा गिऱ्हाईक पाचशे किलोमीटरवर असतं. सुभाषनगरातला कारागीर जी जोडी हातानं करतो, तिला त्याच दुकानात त्याच रॅकवर त्या चपलेशी दरात झगडावं लागतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात आले. कागद झाला. पण दुकानात खरी जोडी कुठली आणि नकली कुठली हे सांगणारी खूण गिऱ्हाइकाच्या हाती सहज पोचली नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं अशाच चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं आणि या चपला भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं कंपनीनं मान्य केलं. इथं सगळे चिडले, मीही चिडलो. पण त्याच आठवड्यात रागाचे स्टेटस ठेवणाऱ्या किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती? कारागिराला मिलानपेक्षा आपण जास्त वेळा विसरलो आहोत. वर्षाला एक खरी जोडी प्रत्येक घरानं घेतली, तरी सुभाषनगरला इटलीच्या दयेची गरज लागणार नाही.

महाद्वार ते खासबाग

बाजाराविषयी माझी मतं थोडी कडवट आहेत. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, जोतिबा रोड हा भाग देवळाभोवतीचा जुना बाजार. गुजरीत साज करून घ्यायला येणारी आणि कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला येणारी बाई एकच असायची, ती एकाच सकाळी एकाच पिशवीत दोन्ही कामं उरकायची. आता सुट्टीच्या दिवशी स्थानिक माणूस तिकडं फिरकत नाही. गर्दीत गाडी शिरत नाही, आणि दुकानांतला माल ओळीनं एकसारखा झाला आहे.

देवस्थान परिसरासाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये सुमारे १४४५ कोटींचा आराखडा मंजूर केला. भाविकांना सावली, स्वच्छतागृह, चालायला जागा मिळायलाच हवी. वर्षानुवर्षं ती मिळाली नाही, ही लाजेची गोष्ट आहे. पण देवळाभोवती घरं आणि दुकानं आहेत, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अंबाबाईच्या घंटेवर उठतात. भाविक वर्षातून एकदा येतो, हे लोक रोज देवीच्या दारात असतात. आराखड्यातला पहिला आवाज त्यांचा असला पाहिजे.

खासबागेकडं वळलं की माझा कडवटपणा कमी होतो. राजाभाऊंची भेळ अजून हातात द्रोण धरून, उभं राहूनच खावी. सोळंकींचं कॉकटेल आईस्क्रीम ही अशी गोष्ट आहे की बाहेरगावच्या माणसाला नावावरून भलतंच वाटतं आणि आमच्या आजीला ती मुलांच्या परीक्षेनंतरची बक्षिशी वाटायची. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला अख्खं शहर जिलेबी खातं. चौकाचौकांत कढया लागतात, माळकरांकडं रांग लागते. झेंड्याला सलामी आणि घरी जिलेबीचा पुडा, असा प्रजासत्ताकाचा प्रसाद दुसऱ्या शहरात मला दिसलेला नाही.

या भेळेच्या गाड्यांना अर्धं गिऱ्हाईक शेजारच्या नाट्यगृहानं दिलं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. रात्री लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. नाट्यगृह पुन्हा बांधलं जाईल, बांधलं जायलाच हवं. पण माझं मत असं की आग लागायच्या आधी आपण तिथं किती नाटकांची तिकिटं काढली, हाही हिशेब मांडावा. रडायला गर्दी झाली, तेवढी प्रयोगाला झाली असती तर त्या वास्तूची निगा वेगळी राहिली असती. प्रेक्षकही गिऱ्हाईकच असतो.

खड्ड्याचा दर्जा

आता घरफाळ्याचं बोलू. कोल्हापूर नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची. १९७२ पासून हद्द वाढलेली नाही. आजूबाजूची गावं शहर झाली, पण शहराच्या कागदावर ती नाहीत. सकाळी लाखभर माणसं शहरात येतात आणि संध्याकाळी हद्दीबाहेर झोपायला जातात. रस्ते मात्र तेवढेच.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या पुढं गेली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी इथल्या दुकानदारांना पाण्याची खूण भिंतीवर काढून ठेवायची वेळ आली. पूररेषेत बांधकामं होत राहिली आणि ती कुणी होऊ दिली हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर इथं कृती समिती झाली नाही.

एरवी भांडायला हे गाव मागं नाही. टोलविरोधी आंदोलन आठवा. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी टोलनाके बसले तेव्हा प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यामागं रिक्षावाला, दुकानदार, गृहिणी सगळे उतरले. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. तो दिवस बघायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा खून झाला. काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं यावं यासाठीही लोक वर्षानुवर्षं बोलले आणि २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर ते आलं. म्हणजे धरून बसलं की मिळतं, हा आमचाच अनुभव आहे.

मग रोजच्या गोष्टींत आम्ही ढिले का? नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. पाच वर्षं एकाही नगरसेवकाला कुणाच्या दारात मतं मागायला यावं लागलं नाही. गिऱ्हाइकाला पुन्हा तोंड दाखवावं लागणार नाही असा दुकानदार जसा माल देईल, तसाच माल आम्हाला मिळाला: पावसाळ्याआधी डांबर, पावसाळ्यात खडी. आणि आम्ही? मिसळीत कट कमी पडला तर मालकाला हाक मारणारे आम्ही, खड्ड्याला मात्र गाडी वळवून जातो.

गणपतीच्या विसर्जनाचंही तेच. महाद्वार रोडवर मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालते, आवाजाच्या भिंतींनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते, लेझरनं डोळे दिपतात. तक्रार सगळे करतात, आपल्या तालमीच्या मंडळाला सांगत कुणी नाही. पेठेची निष्ठा इथं मोठी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा फुटबॉल सामना असला की एका घरात दोन पक्ष पडतात. ही निष्ठा खेळाला शोभते. आवाजाच्या बाबतीत पेठेच्या पोरांचा कान धरायला पेठेचाच म्हातारा हवा, आणि तो म्हातारा म्हणजे आता आपणच आहोत, हे माझ्या वयाच्या मंडळींनी ओळखलं पाहिजे.

दोन विनंत्या

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही येणार असाल तर पहिली विनंती तुम्हाला. गाडी लांब लावा आणि चाला. मिसळ सकाळी खा, उरलेल्या कटाची नको. थाळीच्या आधी पांढरा रस्सा वाटीभर पिऊन बघा आणि तो पातळ असेल तर तसं मालकाला तोंडावर सांगा. त्याला राग येणार नाही, आला तर ते हॉटेल कोल्हापूरचं नव्हे. चप्पल घेताना शिवण बघा, वास घ्या, कारागिराचा दर घासू नका. गूळ पांढुरका बघून भुलू नका, थोडा काळसर घ्या. आणि आवडलं तर पुढच्या वर्षी त्याच दुकानात परत या, नावानिशी ओळख सांगा. त्यानं दुकानदार सुधारतो.

दुसरी विनंती माझ्या गावकऱ्यांना. मटणाचा दर विचारायला आपण समिती केली, टोल घालवायला वर्षं घातली. आता वॉर्डावॉर्डात अशीच एक समिती करू. रस्ता कुणी केला, कधी केला, किती वर्षांची हमी होती, हे फलकावर लिहून घेऊ आणि हमीच्या आत खड्डा पडला तर ठेकेदाराला परत बोलावू. रश्श्याला जी जीभ लावतो तीच महापालिकेला लावायची आहे. जीभ आपल्याकडं आहेच, फक्त हॉटेलाबाहेर पडल्यावर तिला गप्प बसू देऊ नका.